नानांचा जीव मोटारीत

गंगाखेडच्या घाटावर दहाव्याचे पिंड मांडून पाऊण तास झाला, तरी कावळा शिवेना. चार-पाच समोरच्या झाडावर बसलेले, खाली मात्र एकही उतरेना. मग अशा वेळी जे चालतं ते सुरू झालं. "नाना, नातीचं लग्न दिवाळीनंतर उरकून टाकू." कावळे ढिम्म. "काकूला अंतर देणार नाही." तरी ढिम्म. शेवटी नानांचा थोरला, म्हणजे माझा चुलतभाऊ, हात जोडून पुढं झाला. "नाना, मोटार रिवाइंडिंगला टाकलीय, उद्या आणतो. विहिरीवर बसवतो. शब्द दिला." गुरुजींनी सगळ्यांना मागं सरायला सांगितलं, आणि एक कावळा खाली आला.

हा चुलतभाऊ हायस्कुलात विज्ञान शिकवतो. मेल्यावर काही उरत नाही, असं तो वर्गात सांगतो आणि पारावरही. परतताना जीपमध्ये मी त्याला डिवचलं, तर ओशाळून म्हणाला, "अरे, नानांना त्या मोटारीचीच काळजी आहे ना."

'होती' नाही म्हणाला. 'आहे' म्हणाला.

या 'आहे'वर मानसशास्त्रात बरंच काम झालंय. जेसी बेरिंग या अमेरिकी संशोधकानं २००२ साली काही जणांना एका माणसाची गोष्ट सांगितली. तो मोटारीनं निघालेला असतो आणि अपघातात जागीच जातो. मग प्रश्न: त्याला आता भूक लागते का? त्याचं बायकोवर प्रेम आहे का? आपण मेलोय हे त्याला कळतंय का? भूक-तहान संपली, हे बहुतेकांनी चटकन मान्य केलं. प्रेम आणि जाणीव यांपाशी मात्र गाडी अडली, आणि 'मेल्यावर सगळं संपतं' म्हणणारेही तिथं घसरले. त्यातल्या एका कट्टर माणसाचं उत्तर मला फार आवडतं. आपण मेलोय हे त्याला कळतंय, असं तो म्हणाला. कारण काय, तर मृत्यूनंतर काही नसतं, हे आता त्याला दिसतंय!

हसू येतं, पण त्या माणसाची अडचण खरी आहे. भूक नसणं आपल्याला माहीत असतं, रोज जेवल्यावर ते अनुभवतो. न दिसणंही माहीत असतं, डोळे मिटले की झालं. पण काहीच न जाणवणं? त्याची रंगीत तालीम कुणी कधी केलेली नाही. गाढ झोपेतसुद्धा आपण झोपलोय हे बघायला आपण हजर नसतो. त्यामुळं मेलेल्याच्या जागी स्वतःला ठेवून बघायला गेलं की बघणारा तेवढा शिल्लक राहतो. बेरिंग यांचं म्हणणं थोडक्यात हेच. त्यांनी २००४ साली लहान मुलांना बाहुल्यांचा खेळ दाखवला. त्यात सुसर एका उंदराला खाते. उंदराचं शरीर थांबलं हे मुलांना कळत होतं, पण त्याचं आईवर प्रेम अजून आहे, असं बरीच मुलं म्हणाली. शिवाय अशी उत्तरं लहान मुलांत जास्त आणि मोठ्यांत कमी. शिकवून आली असती, तर ती वयाबरोबर वाढायला हवी होती. म्हणजे ही समजूत केवळ घरच्यांनी शिकवल्यामुळं येते, असं म्हणणं अवघड जातं.

पण मामला इथं मिटत नाही. मादागास्करमधल्या वेझो लोकांत रिता अस्तुती आणि पॉल हॅरिस यांनी असेच प्रश्न विचारले. गोष्टीत नुसतं प्रेत असलं तर लोक 'सगळं संपलं' असं जास्त म्हणत. त्याच गोष्टीत कबर आणि तिथले विधी आले की मेलेल्याला कळतं, आठवतं, असं म्हणणारे वाढत. थोडक्यात, प्रसंग बदलला की उत्तर बदलतं. मला हे जास्त पटतं, कारण मी ते तलाठ्याकडं पाहिलंय. वारसाची नोंद करायला आम्ही गेलो, तेव्हा नाना 'मयत' झाले. सातबारावरचं नाव कमी करताना त्यांची काय इच्छा आहे, हे कुणी विचारलं नाही. चुलतभावाला ते तेव्हा सुचलंसुद्धा नाही. माणूस तोच, महिनाही तोच.

कावळ्याचं म्हणाल, तर तो पक्षी अतिशय सावध. अनोळखी गर्दी आणि मधोमध ठेवलेलं खाणं याचा त्याला संशय येतो. शब्द दिल्यावर माणसं मागं सरतात, हे त्याच्या दृष्टीनं महत्त्वाचं. माणसं हलेचनात, तर शेवटी दर्भाचा कावळा करतातच की.

मग खरोखर काही उरतं का? तपासायचा प्रयत्न झालाय. सॅम पार्निया यांच्या गटानं हृदय बंद पडण्याच्या २,०६० घटनांचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध केला. काही खोल्यांत छताजवळ फळ्या बसवून त्यांवर चित्रं ठेवली होती. वरून पाहिलं तरच दिसतील अशी. जीव तरंगत वर जात असेल तर त्यानं चित्र सांगावं! वाचलेल्यांपैकी दोघांना आजूबाजूचं पाहिल्याचं, ऐकल्याचं आठवत होतं, पण दोघांच्याही खोलीत फळी नव्हती. चित्र कुणीच सांगितलं नाही. दुसरीकडं जिमो बोर्जिगिन या मेंदूसंशोधक बाईंना २०१३ साली उंदरांत दिसलं, की हृदय थांबल्यावर पहिल्या ३० सेकंदांत मेंदूतल्या गॅमा लहरी, म्हणजे जागेपणी दिसणाऱ्या वेगवान विद्युत लहरी, उसळतात. २०२३ साली व्हेंटिलेटर काढलेल्या ४ रुग्णांपैकी दोघांत तशीच उसळी दिसली. त्यांना काय जाणवलं, हे सांगायला ते परतले नाहीत. आणि ही उसळी मरत्या मेंदूतली आहे, मेलेल्या नव्हे.

मला या सगळ्यापेक्षा वेल्समधल्या ड्यूई रीस या डॉक्टरचं काम जवळचं वाटतं. त्यांनी आपल्या भागातल्या २९३ विधवा-विधुरांशी बोलून १९७१ साली लेख लिहिला. जवळपास निम्म्यांना गेलेला जोडीदार कधी ना कधी जाणवला होता. कुणाला नुसता जवळ आहेसा वाटलेला, कुणाला दिसलेला, कुणाला ऐकू आलेला. हे वेड नव्हे. मेंदू पुढचं ताडत बसतो. चाळीस वर्षं ज्या वेळी जो आवाज आला, तो आजही येईल असं धरून चालतो, आणि रात्रीच्या शांततेत एखादी फट मिळाली की तो आवाज भरूनही टाकतो. खिशात फोन नसताना तो थरथरल्यासारखा वाटतो, तसंच काहीसं. रीस यांना आणखी एक गोष्ट आढळली: बहुतेकांनी हे तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

हे वाचल्यावर मी काकूला सहज विचारलं. ती ज्वारी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, पहाटे लाइन आली की ओसरीवर नानांचा खोकला येतो, मोटार चालू करायला उठल्यागत. सहा महिने झाले, पोरांना बोलली नव्हती.

"भ्या वाटत नाही?"

"कामून भ्याव? खोकला त्यांचाच हाय की."