डूला

बाळंत होणाऱ्या स्त्रीला कळा सुरू झाल्यापासून मूल अंगावर पिऊ लागेपर्यंत अखंड सोबत करणारी, पण प्रसूती स्वतः न करणारी प्रशिक्षित स्त्री. मराठीत ‘प्रसूतिसखी’ असे म्हणता येईल. पुण्यात बोलताना मात्र ‘डूला’च म्हणतात. पुढील विवेचन मुख्यतः घरी होणाऱ्या बाळंतपणापुरते आहे.

शब्द ग्रीक असून त्याचा अर्थ दासी, मोलकरीण. प्राचीन रूप ‘दूली’, अर्वाचीन ‘दूला’. अमेरिकन मानवशास्त्रज्ञ डेना राफेल यांनी स्तनपानावरील आपल्या १९७३ च्या पुस्तकात तो वापरला, तेव्हा त्यांच्यासमोर होती ती बाळंतपणानंतर आईला मदत करणारी अनुभवी बाई. कळांच्या वेळची सोबत हा अर्थ नंतरचा. क्लाउस व केनेल हे अमेरिकन बालरोगतज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी यांचा ग्वाटेमालातील अभ्यास १९८० साली प्रसिद्ध झाल्यावर या सोबतीकडे वैद्यकाचे लक्ष गेले. दास्याच्या छटेमुळे हा शब्द काहींना खटकतो. मराठी ‘डुलणे’शी त्याचा संबंध नाही, जरी कळांमध्ये बाईला डुलवणे हे डूलाचे एक नेहमीचे काम असले तरी.

‘सुईण’ हा शब्द संस्कृत ‘सूति’ (प्रसव) याच्याशी जोडला जातो. ‘दाई’विषयी दोन मते आहेत : संस्कृत ‘धात्री’पासून, किंवा फार्सी ‘दाया’पासून. ‘धात्री’चा अपेक्षित वंशज महाप्राण (हकारयुक्त) ‘ध’ राखणारा ‘धाय’ हा होय. म्हणून फार्सी व्युत्पत्ती अधिक संभवनीय वाटते. मुळात दोन्ही शब्द एकाच इंडो-इराणी कुळातले. सुईण आणि दाई दोघीही मूल प्रत्यक्ष हाती घेतात. डूला घेत नाही. हा भेद महत्त्वाचा आहे, कारण घरगुती बाळंतपणातले बहुतेक गैरसमज तिथूनच निघतात.

सोबतीची कल्पना मात्र आयात केलेली नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानातील ८ व्या अध्यायात सूतिकागारात (बाळंतिणीच्या खोलीत) हजर असावयाच्या स्त्रियांचे वर्णन आहे : अनेकदा बाळंत झालेल्या, स्नेहाळ, प्रसंगावधानी, विषाद टाकलेल्या आणि कष्ट सोसणाऱ्या. सुश्रुत (शारीरस्थान, अध्याय १०) चार वयस्क व प्रसवकुशल स्त्रिया सांगतो आणि त्यांनी नखे कापलेली असावीत असे बजावतो. चरकात याच ठिकाणी एक लहानसा वादही येतो. कळा येऊनही प्रसव होत नसेल, तर स्त्रीने मुसळ घेऊन उखळात धान्य कांडावे, असे काहींचे मत. चरकसंहितेतला उपदेशक आचार्य आत्रेय ते नाकारतो. गर्भिणीने जोराचे श्रम टाळावेत, प्रसवकाळी तर विशेषच, असे त्याचे कारण. जांभया देणे व फेऱ्या मारणे एवढे तो मान्य करतो. कळ नसताना जोर करू नये, तो व्यर्थ जातो, हा तिथला सल्ला आजची डूलाही देते. आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फियात लिहिलेला प्रबंध हिंदूंच्या प्रसूतिशास्त्रावरच होता. पुढच्याच वर्षी त्या पुण्यात वारल्या.

पुण्यात घराच्या भिंतींआड दिलेल्या अशा सोबतीचा ठळक दाखला म्हणजे जोतीराव व सावित्रीबाई फुले यांचे बालहत्या प्रतिबंधक गृह. त्याचे साल काही लेखनात १८५३ असे आढळते. १८६३ अधिक ग्राह्य आहे. फसवल्या गेलेल्या ब्राह्मण विधवा गुपचूप तिथे येऊन बाळंत होत. जोतीरावांच्या १८८४ च्या निवेदनात अशा ३५ जणींचा उल्लेख आहे. त्यांतल्या काशीबाईंचा मुलगा यशवंत फुले दांपत्याने दत्तक घेतला.

आज राज्यात ९० टक्क्यांहून अधिक बाळंतपणे दवाखान्यात होतात आणि घरचे बाळंतपण शहरात अपवादच. डूला कंबरेला दाब देते, पाठीवर गरम पाण्याची पिशवी धरते, कुशी बदलवते, घोटघोट पाणी पाजते, दिवे मंद ठेवते, खोलीतली गर्दी हटवते. सासू, आई आणि नवरा यांच्यातला ताण हाताळणे हे न लिहिलेले काम. भीतीने ॲड्रेनॅलिन हे ताणाचे संप्रेरक वाढते आणि कळा आणणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या कामात अडथळा येऊन कळा मंदावू शकतात, हे त्यामागचे शरीरशास्त्र. आतून तपासणे, बाळाचे ठोके मोजणे, औषध देणे, नाळ कापणे ही कामे तिची नव्हेत. म्हणून पात्र सुईण किंवा डॉक्टर हजर नसताना केवळ डूलाच्या भरवशावर घरी बाळंत होण्याला सोबत म्हणता येणार नाही. गर्भजल हिरवट गेले, रक्तस्राव ५०० मिलिलिटरच्या पुढे चालला किंवा मूल रडले नाही, तर दवाखाना किती मिनिटांवर आहे हे आधीच मोजलेले हवे. जुन्या पेठांतल्या बोळांत १०८ ची रुग्णवाहिका दारापर्यंत पोचेलच असे नाही. पहाटे तीन वाजता लिफ्ट बंद असणे ही उपनगरातली अडचण.

वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या कॉक्रन संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात १५ हजारांहून अधिक स्त्रियांवरील चाचण्या एकत्र पाहिल्या आहेत : अखंड सोबत मिळालेल्यांत सिझेरियन कमी व कळांचा काळ थोडा आखूड. पण या चाचण्या दवाखान्यातल्या. त्यांचे निष्कर्ष घराला जसेच्या तसे लावू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये मनपसंत सोबतीण असण्याची शिफारस केली. भारतात २०२३ च्या परिचर्या व प्रसाविका आयोग कायद्याच्या कक्षेत प्रसाविका (प्रशिक्षित सुईणी) येतात, डूला नाही. घरी जन्मलेल्या मुलाची नोंद कुटुंबप्रमुखाने २१ दिवसांत करावयाची असते.

बाळंतपणानंतरचे तेल-पाणी, शेक, शेपा-वावडिंगाची धुरी यांसाठी पुण्यात बहुधा वेगळी बाई लावतात. तिला कोणी डूला म्हणत नाही. राफेल यांचा मूळ अर्थ मात्र तिच्याच कामाच्या जवळ जातो.