नजरेने ठरवलेली कावीळ

‘छातीपर्यंत पिवळं आहे, म्हणजे नऊ-दहा असेल.’ नवजात बाळाची कावीळ नजरेने पाहून रक्तातल्या बिलिरुबिनचा, म्हणजे कातडी पिवळी करणाऱ्या घटकाचा, आकडा सांगायचा; प्रसूती वॉर्डांत रुळलेल्या या हिशेबाचं मूळ १९६९ सालच्या एका अमेरिकी अभ्यासात आहे. त्याआधी, १९५८ मध्ये, प्रकाशोपचाराचा, म्हणजे बाळाला दिव्याखाली ठेवून कावीळ उतरवण्याचा, शोध इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाला होता. उपचार हाताशी आला, तसा बाळाला दिव्याखाली कधी ठेवायचं हा प्रश्नही आला.

त्या अभ्यासाने बाळाच्या अंगाचे पाच भाग पाडले. पुढे अनेक तक्त्यांत पहिल्या चार भागांसमोर प्रत्येकी एकच आकडा उरला: चेहरा ६, बेंबीपर्यंत ९, मांड्यांपर्यंत १२, पोटऱ्या आणि हात १५. मूळ नोंदी इतक्या ठाम नव्हत्या. पूर्ण दिवसांच्या बाळांत बेंबीपर्यंत पिवळेपणा असताना रक्तातलं बिलिरुबिन दर डेसिलिटरला ५.४ ते १२.२ मिलिग्रॅम, मांड्यांपर्यंत ८.१ ते १६.५ आणि पोटऱ्यांपर्यंत ११.१ ते १८.३ आढळलं होतं. म्हणजे १२ मिलिग्रॅमचं बाळ या तिन्हींपैकी कुठल्याही भागात बसू शकतं! एवढी मोठी तफावत गाळून तोच तक्ता मोजमाप म्हणून शिकवला गेला, हे माझ्या मते या इतिहासातलं सर्वांत महागडं सोपेकरण आहे. शिवाय सावळ्या कातडीवर पिवळेपणा उशिरा कळतो, पिवळ्या बल्बखाली फसवतो आणि दिव्याखालून काढलेल्या बाळाच्या बाबतीत तर नजरेवर मुळीच विसंबता येत नाही, कारण कातडी आधी उजळते.

१९८० मध्ये सुई न टोचता कपाळावर टेकवून मोजणारं यंत्र आलं. ब्रिटनच्या २०१० च्या मार्गदर्शनात बिलिरुबिनचा अंदाज केवळ नजरेवरून बांधू नये, असं स्पष्ट लिहिलं गेलं. अमेरिकेच्या २०२२ च्या शिफारशींत दर बारा तासांनी बाळाला पाहायचं आहेच, पण २४ ते ४८ तासांत, किंवा त्याआधी घरी सोडायचं असेल तर सोडण्यापूर्वी, मोजायचंही आहे.

गोव्यात हा प्रश्न पावसाळ्यात जास्त टोचतो. बाळंतीण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पेडण्याला किंवा सत्तरीला माहेरी पोचते, कावीळ चढते तिसऱ्या ते पाचव्या दिवशी. बाहेर झड लागलेली, खोलीत अंधार. ‘ऊन पडलं की दाखव’ म्हणणाऱ्या आजीची माया खरी, पण खोलीतल्या अंधुक उजेडात बाळ पिवळं दिसत नाही म्हणून कावीळ नाही, असं धरता येत नाही. दिवसाउजेडी खिडकीशी नेऊन कपाळ, छाती बोटाने दाबून पाहावी, आणि शंका आली तर मोजून घ्यावं. पहिल्या चोवीस तासांतला पिवळेपणा किंवा पिवळे तळहात-तळपाय दिसले, तर पाऊस थांबायची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.