अंगणवाडी हा शब्द कुठून आला

आठ-नऊ महिन्यांच्या बाळाला भरवायला बसवलं की ते हातातली वाटी खाली टाकतं. आपण उचलून देतो, ते पुन्हा टाकतं. मग चमचा टाकतं, मग पोळीचा तुकडा, आणि दर वेळी मान वाकवून बघतं. वाटी खणखणते, पोळी आवाज करत नाही. पाचव्यांदा वाकावं लागलं की आई वैतागते, "पुरे झालं हं आता!" आजी म्हणते, "खेळतंय गं, खेळू दे."

आजीचंच बरोबर असतं. जिनिव्हात ज्याँ पियाजे या मानसशास्त्रज्ञांनी स्वतःच्या तीन मुलांच्या अशाच बारीकसारीक खोड्या वर्षानुवर्षं टिपून ठेवल्या आणि 1936 साली त्यांचं पुस्तक केलं. मूल वस्तू हाताळतं, टाकतं, चोखतं, आपटतं, तेव्हा ते विचारच करत असतं. विचार करायला त्याच्याकडे अजून शब्द नसतात, हात असतात. मूल शाळेत जाण्याच्या कितीतरी आधी शिकायला लागलेलं असतं, हे आज मान्य आहे. पण गरिबाचं मूलही तसंच शिकत असतं आणि त्याच्यासाठीही कुणीतरी काहीतरी मांडून ठेवायला हवं, हे आपल्या समाजाला पटवायला फार मेहनत पडली. 'अंगणवाडी' हा शब्द त्या मेहनतीतून आला आहे.

6 जानेवारी 1907 रोजी मारिया माँटेसरी या इटालियन डॉक्टरबाईंनी रोमच्या सॅन लोरेन्झो या कष्टकरी वस्तीत पहिलं बालगृह उघडलं. आईबाप कामावर गेले की जिन्यांतून उंडारणारी पोरं, हे त्यांचे पहिले विद्यार्थी. भारतात मात्र 'माँटेसरी' म्हटलं की चकचकीत लाकडी साधनं, छोट्या खुर्च्या आणि बरीच फी असं चित्र डोळ्यांसमोर येतं. मुळात गरीब वस्तीतून निघालेली गोष्ट आपल्याकडे पैसेवाल्यांची होऊन बसली, याचं मला कायम वाईट वाटत आलं आहे.

ती परत फिरवण्याची सुरुवात भावनगरात झाली. गिजुभाई बधेका पेशाने वकील. 1913 साली मुलगा झाला आणि त्याला कसं वाढवायचं या विचारात ते माँटेसरींपर्यंत पोचले. वकिली सुटली. 1920 साली दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर सुरू केलं. छडी नाही, घोकंपट्टी नाही. गोष्टी, गाणी, माती, झाडं. लोक त्यांना 'मूछाळी मा', म्हणजे मिशीवाली आई, म्हणायचे. त्यांच्याबरोबर काम करायला आल्या ताराबाई मोडक. मुंबईत 1892 साली जन्मलेल्या, पदवीधर, प्रार्थनासमाजी घरातल्या. लग्न मोडल्यानंतर राजकोटला स्त्रियांच्या अध्यापन विद्यालयात प्राचार्यपद सांभाळलेल्या. 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. शिक्षण पत्रिका आधी गुजरातीत निघे, पुढे मराठीतही निघू लागली. ताराबाई मुंबईला परतल्या आणि 1936 साली दादरला शिशुविहार सुरू झालं.

इथवर सगळं शहरात, शिकल्या-सवरल्या घरांत. गिजुभाई 1939 साली गेले. त्याच वर्षी माँटेसरी स्वतः मद्रासला, अड्यारला आल्या. महायुद्धामुळे त्यांचा मुक्काम लांबत गेला आणि 1946 पर्यंत त्या इथेच होत्या. त्यांच्याकडून शिकलेल्या शिक्षकांनी देशभर शाळा काढल्या. पण खेड्याचं काय, हा प्रश्न तसाच होता. गांधीजींनी नयी तालीमचा, म्हणजे हातांच्या कामातून शिकवण्याच्या आपल्या पद्धतीचा, विस्तार करून पूर्वबुनियादीचा, म्हणजे सात वर्षांच्या आतल्या मुलांचा, विचार मांडला होता. ताराबाईंनी त्रेपन्नाव्या वर्षी शहर सोडलं आणि 1945 साली डहाणू तालुक्यातल्या समुद्रकाठच्या बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. त्यांच्याबरोबर होत्या पस्तीस वर्षांच्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य, आणि मग शिकून शिक्षिका झालेल्या.

बोर्डीत बालवाडी उघडली. गावातली मुलं आली, पण दलित वस्तीतली आणि लांबच्या घरांतली येईनात. कशी येणार? आई मजुरीला, धाकटं भावंड कडेवर, आणि 'शाळा' म्हटलं की मनात भीती. इथे बहुतेकांनी पालकांना दोष दिला असता. ताराबाई-अनुताईंनी साधनं टोपलीत भरली आणि वस्तीत जाऊन एका घरापुढच्या अंगणात बालवाडी मांडली. अंगणात भरणारी बालवाडी, म्हणून अंगणवाडी. नाव किती सरळ आहे! मुलगी भावंडाला कडेवर घेऊनच बसायची, म्हातारी दारातून बघायची, कोंबडी मधूनच फिरून जायची. आधी नखं, केस, आंघोळ, मग गाणी, मग हाताची कामं. महागडी लाकडी साधनं परवडणारी नव्हतीच. त्यांची जागा शंखशिंपले, दगड, पानं, बिया आणि माती यांनी घेतली. शिंपले लहान-मोठे लावायचे, पानं आकारावरून जुळवायची. क्रम लावणं, गट करणं, फरक ओळखणं हे मूळ साधनांतलं मर्म शिल्लक राहिलं आणि त्याला पैसा लागला नाही. माझ्या मते, आपल्याकडच्या बालशिक्षणात याहून मोठं संशोधन झालेलं नाही.

हा भाग कोणत्या काळातून जात होता, तेही लक्षात घ्यायला हवं. त्याच 1945 साली डहाणू-उंबरगाव पट्ट्यात कम्युनिस्ट कार्यकर्त्या गोदावरी परुळेकरांच्या साथीने वारली वेठबिगारीविरुद्ध उठले होते. जिथे बापाच्या दिवसावर त्याची स्वतःची मालकी नव्हती, तिथे पाच वर्षांच्या पोराच्या खेळाचा विचार करायचा होता.

पुढे दहा-बारा वर्षांनी काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेलं. तिथे नवीनच अडचण आली. मोठी मुलं गुरांमागे रानात. मग शाळा रानात गेली आणि कुरणशाळा झाली: गुरं चरतायत आणि सावलीत धडा चाललाय. पोरींना भावंडं सांभाळायची असत, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणल्या, ती विकासवाडी. ताराबाई 1973 साली गेल्या. अनुताई त्यानंतरही कोसबाडचं काम करत राहिल्या, 1992 साली जाईपर्यंत.

ताराबाईंच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बाल विकास सेवा योजना 33 प्रकल्पांत सुरू केली आणि तिच्या केंद्रांना 'अंगणवाडी' म्हटलं. डहाणूच्या किनाऱ्यावरचा मराठी शब्द असा देशभर गेला. आज देशात तेरा लाखांहून जास्त अंगणवाड्या आहेत. योजनेत सेवा सहा: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, दवाखान्यात पाठवणी, आईला आहार-आरोग्याचं शिक्षण आणि पूर्वप्राथमिक शिक्षण. कुपोषण भयंकर होतं, आहाराला पहिली जागा मिळणं योग्यच होतं. पण शिक्षणाच्या वाट्याला उरलासुरला वेळ आला, आणि ज्या कामासाठी हा शब्द जन्मला तेच मागे पडलं.

कायद्यातही तसंच झालं. मूळ राज्यघटनेच्या कलम 45 मध्ये चौदा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाची गोष्ट होती, वयाची खालची मर्यादा नव्हती. 2002 च्या घटनादुरुस्तीने शिक्षण हक्क झालं, पण सहा ते चौदा वयासाठी. सहाच्या आतलं मूल हक्काबाहेर राहिलं. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत स्तर मानला. कागदावर तरी अंगणवाडी शिक्षणाच्या आत आली.

मध्यंतरी पालघर जिल्ह्यातल्या एका पाड्यावरच्या अंगणवाडीत तासभर बसले होते. सेविकाताई मोबाइलमध्ये वजनं भरत होत्या; नेट जात होतं, त्या पुन्हा पुन्हा भरत होत्या. मदतनीस बाईंनी चिंचोक्यांचं डबडं पालथं केलं. चारेक वर्षांची एक मुलगी उठली आणि गोल बसलेल्या पोरांच्या हातावर एकेक चिंचोका ठेवत निघाली, "तुला एक, तुला एक." आकडे तिला येत नव्हते, पण कुणी सुटलं नाही, कुणाला दोन गेले नाहीत. फेरी संपली तरी मुठीत एक उरला. ती थांबली, सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं आणि तो चिंचोका सेविकाताईंच्या मोबाइलवर ठेवून आली.