मराठवाड्यातला प्रेस फोटोग्राफर

प्रेस फोटोग्राफर म्हणजे पेपरसाठी बातमीचे फोटो काढणारा माणूस, एवढी व्याख्या पुस्तकापुरती ठीक आहे. मराठवाड्यात जिल्ह्याच्या किंवा तालुक्याच्या गावात ज्याला लोक "फोटोवाले", "प्रेसवाले" नाहीतर सरळ "ओ कॅमेरा, जरा बाजूला व्हा" अशी हाक मारतात त्याचं काम जरा वेगळं असतं. मुंबई-दिल्लीहून आलेला फोटोग्राफर फोटो काढतो आणि रात्रीच्या गाडीनं निघून जातो, हा मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच टपरीवर चहाला उभा असतो आणि काल ज्याचा फोटो काढला तो माणूस पण तिथंच, हातात पेपर घेऊन. त्याच्या कामातल्या बऱ्याच गोष्टी यावरूनच ठरतात, काय काढायचं, काय नाही, कुठून काढायचं, सगळंच.

कागदावर त्याला मान आहे. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्यात पत्रकाराची जी व्याख्या होती तिच्यात संपादक, बातमीदार, व्यंगचित्रकार यांच्या रांगेत न्यूज फोटोग्राफरचं पण नाव होतं. प्रत्यक्षात पगारावरचा फोटोग्राफर मोठ्या पेपरच्या मोठ्या आवृत्तीतच सापडतो, बाकी बहुतेक जण स्ट्रिंगर, म्हणजे फोटो छापला तर मानधन, नाही छापला तर पेट्रोल आपलं.

आधी काय होतं

मराठवाड्यात कॅमेरा आला तो बातमीसाठी नाही, लेण्यांसाठी. रॉबर्ट गिल नावाचा मद्रास लष्करातला इंग्रज अधिकारी १८४० च्या दशकात अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला काढायला आला आणि इकडंच रमला, पुढं १८६० च्या आसपास त्यानं अजिंठा-वेरूळचे फोटो काढले. हा सगळा मुलूख तेव्हा निजामाचा, आणि सहाव्या निजामाचे दरबारी फोटोग्राफर राजा दीनदयाळ हे देशभर नावाजलेले. पण दरबार, शिकार, लेणी यांचे फोटो वेगळे आणि गावातल्या रास्ता रोकोचा फोटो वेगळा.

अक्षरांचे खिळे जुळवून पेपर छापायचे त्या काळात फोटो छापायचा तर आधी त्याचा जस्ताचा ब्लॉक करावा लागायचा, त्याला पैसे आणि वेळ दोन्ही लागायचे, म्हणून पुढाऱ्यांचे ब्लॉक करून ड्रॉवरमध्ये ठेवलेले असत आणि साहेब निवडून येवोत नाहीतर पडोत, चेहरा तोच. ऑफसेट छपाई आल्यावर कुठं रोजचा ताजा फोटो परवडायला लागला. तरी रोलच्या जमान्यात काम सोपं नव्हतंच. ३६ फ्रेमचा रोल, त्यातून ओढूनताणून ३७-३८ निघायचे, आणि एका कार्यक्रमाला चार-पाच क्लिकच्या वर हात गेला की मन खायचं. डार्करूम म्हणजे घराची मोरी नाहीतर स्टुडिओच्या मागची खोली, दाराच्या फटीत काळं कापड कोंबलेलं, लाल बल्ब, हायपोचा (फोटो पक्का करायच्या रसायनाचा) वास, त्यात लाईट गेली की निगेटिव्हवरून मोठी प्रिंट काढायचा एन्लार्जर बंद. प्रिंट वाळली की पाकिटात घालून पळत बसस्टँडवर, तिथं एसटीच्या कंडक्टरच्या हातात द्यायची, आणि आवृत्ती जिथं निघते तिथं ऑफिसचा शिपाई ती उतरवून घ्यायचा. कंडक्टर ओळखीचा असणं हे चांगल्या लेन्सइतकंच महत्त्वाचं होतं. गाडी पंक्चर झाली तर आजचा फोटो उद्या, म्हणजे शिळा.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हाची परिस्थिती ही अशी. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, रात्री उशिरापर्यंत विसर्जन चाललेलं, फोटोग्राफर मिरवणुका करून नुकताच आडवा झालेला, आणि चारच्या सुमाराला जमीन हलली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं गेली, ५२ गावं नंतर दुसरीकडं नव्यानं वसवावी लागली. जग तिथं पोचायच्या आधी जे पोचले त्यात आसपासच्या गावातले हेच लोक होते, आणि ढिगाऱ्यात आपलेच नातेवाईक असताना कॅमेरा डोळ्याला लावायचा की दगड उचलायचा हा प्रश्न त्यांच्यापुढं होता, बाहेरून आलेल्यांपुढं तो तेवढा नव्हता. माझं मत विचाराल तर मराठवाड्यात ही लाईन खऱ्या अर्थानं किल्लारीनंतर गंभीर झाली, तोवर सत्कार आणि उद्घाटनं जास्त होती.

रोजचं काम

सत्कार आणि उद्घाटनं आजही आहेतच. सकाळी उठलं की आधी आपला फोटो लागला का, किती कॉलम लागला, "छाया" म्हणून खाली नाव आलं का हे बघायचं. मग व्हॉट्सअपवर दिवसाची यादी. दीपप्रज्वलन, फीत, शाल-श्रीफळ, वृक्षारोपण (एका रोपाला अकरा हात), आणि अकरा-बारा वाजता कलेक्टर ऑफिसचं गेट. तिथं रोज कोण ना कोण उपोषणाला बसलेलंच असतं. आंदोलनांची नावं सुद्धा आता ठरून गेलीत, ढोल बजाव, बोंबाबोंब, जोडे मारो, गोदावरीत उभं राहून जलसमाधी, आणि पाण्याच्या टाकीवर चढलं की शोले स्टाईल. टाकीवर चढलेला माणूस आधी खाली वाकून बघतो, "आले का प्रेसवाले?" म्हणून, मग घोषणा सुरू. हसण्यासारखं वाटतं, पण वर्षभर अर्ज करून कुणी दखल घेतली नसेल तर त्या माणसाकडं दुसरं काय आहे?

सत्काराचा फोटो सगळ्यात सोपा वाटतो आणि सगळ्यात जास्त भांडणं त्याच्यामुळंच होतात. कोण मध्ये, कोण कडेला, कोणाचा अर्धा कान कापला गेला. एकदा माझ्याच हातून फोटोओळीत डावीकडून तिसरा आणि चौथा उलटे लिहून गेले, दोघं एकाच भावकीतले, त्यात बांधावरून कोर्टात केस चालू, आणि मी मुद्दाम केलं असं दोघांनाही वाटलं. पेपरनं दोन ओळींचा खुलासा छापला, मी मात्र पुढं दोन महिने त्या गल्लीतून गाडी घातली नाही.

मोठ्या गर्दीचा फोटो उंचावरून लागतो, आणि कुठली गच्ची मिळेल हे ज्याला माहीत तो जिंकला. ९ ऑगस्ट २०१६ ला औरंगाबादला पहिला मराठा मूक मोर्चा निघाला तेव्हा घोषणा नाही, भाषणं नाही, खाली उभं राहून काढलं तर नुसती डोकी, वरून बघितलं तरच कळायचं की हे काय आहे. अशा वेळी कॅमेऱ्यापेक्षा "काकू, पाच मिनिटं वर जाऊ का" एवढं विचारायची ओळख लागते, आणि उतरताना चहा घ्यावाच लागतो. आता ड्रोन आले, पण २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे नोंदणी पाहिजे, मनाईच्या भागात, म्हणजे रेड झोनमध्ये, परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि मोर्चात बंदोबस्तावरचा पोलीस आधी ड्रोनवाल्यालाच धरतो. गच्ची अजून चालूच आहे.

सॅकमध्ये काय असतं ते पण सांगून ठेवतो. एक जुनी निकॉन नाहीतर कॅननची बॉडी, बहुतेक वेळा सेकंडहँड, किट लेन्स, जमलं असेल तर लांबचं जवळ आणणारी ७०-२०० ची लेन्स, कार्ड रीडर, पावसासाठी दुधाच्या नाहीतर कपड्याच्या दुकानाच्या पिशव्या, आणि लेन्स पुसायला दस्ती. (रुमालाला दस्ती म्हणणं हे आपल्याकडचं निजामाच्या वेळचं शिल्लक.) लेन्स दस्तीनं पुसू नये हे सगळ्यांना माहीत आहे, सगळे पुसतात. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला गेला की बॉडी इतकी तापते की गालाला लावता येत नाही.

ठरलेले फोटो

वर्षाचं कॅलेंडर पक्कं असतं आणि त्याचाच वैताग पण असतो. १४ जानेवारीला नामविस्तार दिनाला विद्यापीठाच्या गेटवरची गर्दी, होळीला नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्याची हल्ला-महल्ल्याची मिरवणूक, नाथषष्ठीला पैठण, मे-जूनला निकाल आणि मोबाईल धरून उड्या मारणाऱ्या मुली (मुलं उड्या मारत नाहीत की काय कोण जाणे), पोळा, नवरात्रात तुळजापूर, थंडी पडली की परभणीची शेकोटी, नांदेडकडच्या माळेगावच्या यात्रेतले घोडे. येळवशीला (वेळ अमावस्येला) लातूर-धाराशिवकडं अख्खं गाव शेतात गेलेलं असतं, बाजारपेठ ओस, म्हणून रिकाम्या रस्त्याचा एक फोटो काढायचा आणि मग स्वतः पण कुणाच्या तरी कोपीपुढं भज्जी-अंबिलावर बसायचं, त्या दिवशी उपाशी राहिलेला फोटोग्राफर मी बघितला नाही. आणि पावसाळा चांगला झाला की जायकवाडी. धरणाला २७ दरवाजे, पूर्ण पातळी १५२२ फूट, हे आकडे इथल्या फोटोग्राफरला स्वतःच्या फोन नंबरसारखे पाठ. दरवाजे अर्धा फूट जरी उचलले तरी सगळे त्याच एका जागेवरून तोच फोटो काढतात, कारण डेस्कला, म्हणजे ऑफिसात पान लावणाऱ्यांना, तोच पाहिजे असतो.

दुष्काळाचा ठरलेला फोटो म्हणजे भेगाळलेली जमीन आणि कपाळाला हात लावून आभाळाकडं बघणारा म्हातारा. याच्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. आपली काळी जमीन वाळली की भेगाळतेच, तो तिचा गुण आहे, चांगल्या पावसाच्या सालानंतर पण उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तेव्हा भेग हा दुष्काळाचा पुरावा नाही. आणि म्हातारा आभाळाकडं आपोआप बघत नसतो, "बाबा, जरा वर बघा" म्हटल्यावर बघतो. खरा दुष्काळ दिसतो तो घागरींच्या रांगेत, दावणी रिकाम्या झालेल्या गोठ्यात, दिवाळीनंतर कोयते आणि लेकरं घेऊन ऊसतोडीला निघालेल्या बीडकडच्या गाड्यांत. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं, पहिली गाडी १० वॅगनची, सुमारे ५ लाख लिटर, तेव्हा स्टेशनवर देशभरचे कॅमेरे होते आणि सगळ्यांनी रेल्वे काढली. पण गल्लीत टँकर किती दिवसांनी येतो आणि आला की कोण कुणाशी भांडतं हे गावच्या माणसालाच माहीत होतं. नंतर २०२५ च्या सप्टेंबरात उलटं झालं, त्याच धाराशिव-बीड-लातूर पट्ट्यात पुरानं रानं खरडून नेली, आणि खरडलेल्या रानाचा फोटो काढणं फार अवघड, कारण जे होतं ते दिसत नाही, नुसते दगड दिसतात. मालक शेजारी उभा राहून हातानं दाखवतो, इथं सोयाबीन होतं, इथपर्यंत माती होती. तो हातच फ्रेममध्ये घ्यावा लागतो.

न काढलेले फोटो

काही ठिकाणी कायदाच अडवतो. अत्याचाराच्या गुन्ह्यात पीडितेची ओळख उघड करता येत नाही (आता भारतीय न्याय संहितेचं कलम ७२), मुलांच्या बाबतीत लैंगिक अत्याचारापासून संरक्षणाच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याचं कलम २३, आणि गावात तर नुसता घराचा दरवाजा, गल्लीतलं लिंबाचं झाड दिसलं तरी ओळख पटते, म्हणून तोंडावर पट्टी मारून भागत नाही. मतदान केंद्रात निवडणूक आयोगाचं पत्र असलं तर जाता येतं, पण मत देतानाचा फोटो नाही.

बाकी ठिकाणी माणूस स्वतःच थांबतो. शेतकऱ्याच्या आत्महत्येच्या घरी बाहेरचा पत्रकार विधवा बाईला नवऱ्याची तसबीर हातात धरून बसायला सांगतो, तो फोटो आपण इतका बघितलाय की त्यातलं दुःखच दिसेनासं झालंय. गावचा फोटोग्राफर असं सांगू शकत नाही, कारण त्या बाईचा दीर याच्याबरोबर शाळेत होता. तो ओसरीत बसतो, पाणी पितो, आणि पुष्कळदा नुसत्या घराचा नाहीतर बाहेर काढून ठेवलेल्या चपलांचा फोटो घेऊन येतो. डेस्कवरून फोन येतो, "चेहरा नाही का?" नाही म्हणायचं.

आणि काही ठिकाणी भीती असते, वाळूच्या गाड्या रात्री नदीतून निघतात त्याचा फोटो काढणं म्हणजे काय हे गोदाकाठच्या कुणालाही विचारा. पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१७ साली कायदा झाला, पण हल्ला व्हायच्या आधी फोन येतो आणि फोन ओळखीच्याच माणसाचा असतो, "भाऊ, कशाला नादाला लागता."

पोट

बातमीच्या फोटोवर घर चालत नाही. घर चालतं लग्नांवर. अल्बम, प्री-वेडिंग, बारसं, पासपोर्ट फोटो, शाळेचं स्नेहसंमेलन. लग्नसराई आणि निवडणूक एकत्र आली की फार हाल, बारा पस्तीसच्या मुहूर्ताला अक्षता पडताना काढायच्या आणि तिकडं सभेत साहेबांचं आगमन. पोलीस पण पंचनाम्याला गावातल्या स्टुडिओवाल्यालाच बोलवत आलेत, आणि तो फोटो कोर्टात गेला की डिजिटल पुराव्याचं सर्टिफिकेट द्यायचं, नंतर पाच-सात वर्षांनी साक्षीला समन्स, तोवर आपल्याला ते प्रेत कुठलं हे पण आठवत नसतं.

हक्काचं म्हणाल तर १९५७ चा कॉपीराईट कायदा असा आहे की नोकरीतल्या फोटोग्राफरचा फोटो पेपरात छापायचा हक्क मालकाचा, पण वेगळा करार नसेल तर बाकी बाबतीत हक्क फोटोग्राफरचा. हे माहीत असलेले फोटोग्राफर थोडे. आज फोटो टाकला की अर्ध्या तासात कार्यकर्त्याच्या स्टेटसवर आणि दुसऱ्या दिवशी चौकातल्या फ्लेक्सवर, खाली नाव "शुभेच्छुक" वाल्यांचं.

घरी कपाटावर निगेटिव्हचे डबे असतात, ओल लागून एकमेकाला चिकटलेले, आणि कुठल्या कुठल्या हार्डडिस्क, त्यातल्या एक-दोन चालू होत नाहीत. विद्यापीठ, संग्रहालय असं कुणी हे मागायला येत नाही. येतात ते गावातले लोक. घरातलं माणूस गेलेलं असतं, दहाव्याला फोटो पाहिजे, आणि आधार कार्डावरचा सोडून दुसरा नसतो. "भाऊ, तुम्ही त्या मोर्चाला होता की, आमचे दादा पण होते, बघा ना कुठं दिसतेत का." मग साल आठवायचं, फोल्डर उघडायचं, हजारभर फोटोंतून एकेक करत झूम करत जायचं, बॅनरच्या मागं, झेंड्याच्या खाली. ते पोरगं खुर्चीच्या मागं उभं राहून बघत असतं. कधीतरी तिसऱ्या ओळीत टोपी आणि अर्धा चेहरा सापडतो, फोकसच्या बाहेर. "हेच, हेच आमचे दादा." तेवढाच तुकडा कापायचा, मागची माणसं पुसून निळा रंग भरायचा, बारा बाय अठराला ताणला की चेहरा फुटतो, मग जरा लहान साईज सांगायची. पैसे घेत नाहीत बहुतेक जण. लॅमिनेशनचे घेतात.