मुक्त विद्यालयाच्या प्रौढ विद्यार्थ्यांचे ऑनलाइन शिक्षक होण्यापूर्वी

इंदूर येथील आमच्या प्रशिक्षण केंद्रात निवृत्त शिक्षक, बी.एड. करून घरी असलेल्या गृहिणी आणि काही वेळा बँकेतून निवृत्त झालेले सद्गृहस्थही एकच चौकशी करतात: दहावी-बारावी राहून गेलेल्या मोठ्या माणसांना घरबसल्या शिकवता येईल का? येईल. मात्र हे काम शाळेतल्या मुलांच्या शिकवणीसारखे नाही, आणि ते आपल्याला मानवेल की नाही हे शुल्क भरण्याआधीच कळावे म्हणून हे पत्रक दिले आहे.

आमच्याकडे येणारे बहुतेक विद्यार्थी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थान, म्हणजेच एनआयओएसच्या परीक्षांना बसतात. तेथे दहावीच्या प्रवेशासाठी किमान वय १४ वर्षे आहे आणि कमाल मर्यादा नाही. नोंदणी ५ वर्षे वैध राहते व त्या काळात परीक्षेच्या ९ संधी मिळतात. उत्तीर्ण होण्यासाठी किमान एका भाषेसह ५ विषय लागतात आणि त्यात गणित सक्तीचे नाही. ही गोष्ट पुष्कळ शिक्षकांनाही ठाऊक नसते. म्हणून पहिल्या भेटीतच विद्यार्थ्याला पुढे काय करायचे आहे ते विचारून घ्यावे, कारण ज्याला आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन व्हायचे आहे त्याने गणित-विज्ञान सोडून चालणार नाही, तर ज्या बाईंना केवळ दहावीचे प्रमाणपत्र हवे आहे त्यांच्यावर बीजगणित लादण्यात अर्थ नाही.

काहीजण अमेरिकेतल्या जीईडी परीक्षेबद्दल वाचून येतात. १९४२ साली, शिक्षण अर्धवट राहिलेल्या सैनिकांसाठी सुरू झालेली ती परीक्षा आज चार विषयांची असून संगणकावर घेतली जाते. तिच्यासाठी शिकवण्याच्या अटी तिथल्या राज्याप्रमाणे आणि संस्थेप्रमाणे बदलतात. आम्ही त्यासाठी तयारी करून घेत नाही.

शिकवण्याची भाषा हा मराठी शिक्षकांसाठी खरा अडसर ठरतो. आपण सर्वजण बाजारात अस्खलित हिंदी बोलतो, पण गणित आपल्या डोक्यात मराठीतच चालते. हिंदी माध्यमाच्या पुस्तकात अपूर्णांकाला ‘भिन्न’, छेदाला ‘हर’, काटकोनाला ‘समकोण’ आणि घनफळाला ‘आयतन’ म्हणतात. वर्गात ऐनवेळी ‘छेद’ तोंडून गेले की समोरचा गोंधळतो, आणि मोठे माणूस ‘समजले नाही’ असे सहसा बोलून दाखवत नाही. त्यामुळे प्रशिक्षणाच्या पहिल्या आठवड्यात आम्ही परिभाषेची दुहेरी वही तयार करून घेतो. हे काम कंटाळवाणे आहे, पण आमच्या मते सर्वांत उपयोगी तेच आहे.

दुसरी गोष्ट उदाहरणाने सांगतो. शिवणकाम करणाऱ्या एक विद्यार्थिनी वहीत १/२ + १/४ = २/६ असे लिहितात. अंशात अंश आणि हरात हर मिळवायचा, हे त्यांनी स्वतःच ठरवलेले असते. अशा वेळी नियम पुन्हा म्हणून दाखवण्याऐवजी, अर्धा मीटर आणि पाव मीटर कापड जोडले तर किती होईल, एवढेच विचारावे. ‘पौन मीटर’ हे उत्तर तत्क्षणी येते. मग २/६ म्हणजे अर्ध्याहूनही कमी, हे त्यांचे त्यांनाच दिसते आणि समान हर कशासाठी हवा हे सांगायला जागा तयार होते. प्रौढ विद्यार्थ्याकडे व्यवहाराचे गणित आधीपासून असते, फक्त ते कागदावर उतरवायचे राहिलेले असते.

वेळापत्रक आपल्या सोयीने ठरणार नाही. कापड बाजारातल्या दुकानात काम करणारा रात्री साडेनऊनंतर मोकळा होतो, तर सराफ्यात रात्री खाद्यपदार्थांच्या दुकानावर उभा राहणारा दुपारीच मिळतो. बहुतेकांकडे घरात एकच स्मार्टफोन असतो आणि तो मुलांनाही हवा असतो. म्हणून ४० मिनिटांहून मोठा वर्ग ठेवू नये, फळ्यावरचे अक्षर लहान पडद्यावर वाचता येईल एवढे मोठे काढावे आणि वर्ग संपताच फळ्याचा फोटो पाठवावा. महागडा कॅमेरा किंवा लाइट घेण्याचा आग्रह आम्ही धरत नाही. फोनसाठी स्टँड, बरा माइक आणि पांढरा फळा एवढ्यावर भागते.

संबोधन ‘आप’ आणि नावापुढे ‘जी’ असेच ठेवावे. आपल्या शहराचे ‘भिया’ ओळख वाढल्यावर आपोआप येईल. शाळा का सुटली, हा प्रश्न मात्र आपण होऊन कधीही विचारू नये.

विषयाच्या गुणांपैकी २० टक्के भार टीएमए, म्हणजे घरून लिहून द्यायच्या स्वाध्यायांना असतो. ते तपासण्याचे काम अभ्यासकेंद्राचे आहे, खासगी शिक्षकाचे नाही. ‘तुम्हीच लिहून द्या, वेगळे पैसे देतो’ अशी मागणी पहिल्या महिन्यातच येईल. ती मान्य करणाऱ्या शिक्षकाचे नाव आम्ही आमच्या यादीतून काढतो. तसेच, उत्तीर्ण करून देण्याची हमी कोणालाही देऊ नये. आम्हीही आपल्याला ठरावीक उत्पन्नाची हमी देत नाही. परीक्षा वर्षातून दोनदा, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये होतात. त्याआधीचे दोन-तीन महिने मागणी भरपूर असते आणि निकालानंतर ती एकदम ओसरते. घरखर्च यावरच चालवायचा असल्यास हा चढउतार आधी जमेस धरावा.

नाव नोंदवण्यापूर्वी एक चाचणी वर्ग विनाशुल्क घेतला जातो. त्यासाठी येताना पदवीची छायांकित प्रत आणि आपल्या विषयाचे एनआयओएसचे हिंदी माध्यमातील पुस्तक आणावे. पुस्तके संस्थानाच्या संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. कोणताही एक धडा निवडून पंधरा मिनिटे शिकवावे. समोर विद्यार्थी म्हणून आमच्याच कार्यालयातल्या मावशी बसतील, ज्या सध्या दहावीची तयारी करीत आहेत, आणि त्यांचे मत आम्ही विचारात घेतो.