मुलाचं दिव्यांग कार्ड आणि निरामय विमा : कुठून सुरुवात करायची, काय कागद लागतात

मुलाला काहीतरी अडचण आहे हे लक्षात आलं की घरातला पैसा आधी डॉक्टरकडे जातो, मग थेरपीला, आणि सरकारी कागदांचं नाव निघेपर्यंत दोन-तीन वर्षं सहज निघून जातात. त्यात नातेवाईक सांगत असतात की अजून लहान आहे, होईल नीट, आत्तापासून कशाला शिक्का मारून घेताय. पण लहान मुलांना बऱ्याचदा दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट तात्पुरतंच मिळतं, त्यावर मुदत असते आणि नंतर पुन्हा तपासणी होते, त्यामुळे फरक पडला तर तोही कागदावर येतो. माझं स्पष्ट मत आहे, थांबू नका, कारण पुढच्या बहुतेक योजना याच एका कागदावर अडतात.

तर पहिलं काम युडीआयडी कार्डचं, म्हणजे दिव्यांग प्रमाणपत्र आणि ओळखपत्र. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता, लर्निंग डिसॅबिलिटी, थॅलेसेमिया, सिकल सेल असे रक्ताचे आजार हेही येतात, म्हणजे दिसायला मूल ठणठणीत असलं तरी ते या यादीत बसू शकतं. अर्ज सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर (वेबसाइटवर) ऑनलाइन होतो आणि त्याला फी नाही. कोणी "साहेबांशी ओळख आहे, एवढे द्या" म्हणत असेल तर सरळ उठून या. फॉर्म भरता येत नसेल तर सेवा केंद्रातून भरून घ्या, पण पोर्टलला जोडलेला मोबाईल नंबर तुमचाच पाहिजे, नाहीतर ओटीपीसाठी दरवेळी दुसऱ्याच्या मागे फिरावं लागतं.

कागद फार नाहीत. मुलाचं आधार, अलीकडचा फोटो, पत्त्याचा पुरावा, सही किंवा अंगठा आणि आधीचे मेडिकल रिपोर्ट. खरी गोची आधारवरच्या नावाची. जन्मदाखल्यावर एक, आधारवर दुसरं, शाळेत तिसरं असं असेल तर आधी ते जुळवून घ्या, कारण कार्डावर जे नाव छापून येतं तेच पुढे बँकेत आणि विम्यात चालवावं लागतं. मूल ५ वर्षांचं झालं असेल तर आधारचं बायोमेट्रिक अपडेटही उरकून टाका.

अर्ज झाला की नोंदणी नंबर मिळतो, मग निवडलेल्या सरकारी हॉस्पिटलमध्ये तपासणीला जायचं. तपासणी करणाऱ्या डॉक्टरांचा बोर्ड बऱ्याच ठिकाणी ठरलेल्या वारीच बसतो, तो वार आधी विचारा. जुन्या फाइलीतलं सगळं न्या, पहिल्या डॉक्टरची चिठ्ठीसुद्धा, आणि मूल घरी कसं वागतं, काय स्वतः करतं, काय करत नाही हे एका कागदावर लिहून न्या, कारण तिथे गर्दीत मूल एकतर रडतं नाहीतर एकदम शांत बसतं आणि डॉक्टरांना घरचं चित्र दिसतच नाही. बऱ्याचशा सवलतींना सर्टिफिकेटवर किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. टक्केवारी पटली नाही तर ९० दिवसांत अपील करता येतं, हे तिथे कोणी आपणहून सांगत नाही. आणि हे सर्टिफिकेट देशभर चालतं, दुसऱ्या राज्यात गेलात म्हणून नवीन काढायचं नसतं.

कार्ड आलं की दुसरं काम निरामय. हा नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेचा आरोग्य विमा, वर्षाला १ लाखापर्यंत कव्हर. पण फक्त चारच गटांना मिळतो : ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता (एकापेक्षा जास्त प्रकारचं दिव्यांगत्व). नुसतं ऐकू न येणं किंवा नुसती अंधत्वाची केस यात बसत नाही. वयाची अट नाही, आधी मेडिकल टेस्ट नाही, आणि मुख्य म्हणजे ॲडमिट न होताही ओपीडी आणि थेरपीचा खर्च ठरलेल्या मर्यादेत मिळतो, जे नेहमीच्या मेडिक्लेममध्ये सहसा मिळत नाही. फी दारिद्र्यरेषेखालच्यांना २५० रुपये, बाकीच्यांना ५००. दिव्यांग प्रमाणपत्र, पत्त्याचा पुरावा, बँक पासबुक आणि कमी फी हवी असेल तर बीपीएल कार्ड लागतं. ट्रस्टकडे नोंदणी असलेल्या संस्थेतून अर्ज करता येतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. पॉलिसी ३१ मार्चला संपते, तुम्ही जानेवारीत काढली तरी, त्यामुळे एप्रिलच्या आसपास काढली तर पूर्ण वर्ष पदरात पडतं आणि रिन्यू वेळेत करायचं. पैसे आधी तुम्ही भरता, मग परत मिळतात. म्हणून थेरपिस्टकडून दरवेळी तारीख, शिक्का आणि सहीचं ओरिजिनल बिल घ्या, डॉक्टरांनी थेरपी लिहून दिलेली चिठ्ठी त्याच पिशवीत ठेवा, आणि बिलं साठवत न बसता लगेच क्लेमला टाका.

महिन्याच्या मदतीसाठी तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेच्या शाखेत चौकशी करा, उत्पन्नाचा आणि रहिवासी दाखला सोबत असू द्या. दिव्यांग लाभार्थ्यांची रक्कम २०२५ मध्ये दीड हजारावरून अडीच हजार झाली आहे. शाळेचं म्हणाल तर ४० टक्के किंवा जास्त असेल तर ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण हा कायद्याने हक्क आहे, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, निवड तुमची.

आणि मूल १७ च्या पुढे गेलं असेल तर पालकत्वाचं बघून ठेवा. १८ नंतर आईवडीलही कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. निरामयवाल्या त्याच चार गटांसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती कायदेशीर पालक नेमते, अर्ज तिथे करायचा.