साखळी आणि वायर रोप : ग्रीसचा एकच डबा दोघांना चालत नाही

वर्कशॉपच्या एका टोकाला चेन ब्लॉक, म्हणजे हाताने साखळी ओढून माल उचलायचं यंत्र, लटकलेला असतो, दुसऱ्या टोकाला वायर रोपचा, म्हणजे तारांच्या दोराचा होइस्ट. दोन्ही पोलादी, दोन्ही टनाच्या हिशेबात माल उचलणारे, आणि दोन्ही किटणाने काळेकुट्ट. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी हेल्पर शिडीवर चढतो, एकाच डब्यातलं ग्रीस एकाच ब्रशने साखळीलाही फासतो आणि रोपलाही. रजिस्टरमध्ये ‘ग्रीसिंग केले’ अशी नोंद होते. ही नोंद कामगाराच्या जिवाशी संबंधित आहे, म्हणून स्पष्ट लिहितो: या पद्धतीने साखळीला काहीच मिळत नाही, आणि रोपचं तर नुकसान होतं.

दोघांची झीज वेगवेगळ्या जागी होते, सगळा फरक तिथून सुरू होतो.

६×३६ बांधणीचा रोप घ्या. सहा पेड, प्रत्येक पेडात ३६ तारा, म्हणजे नुसत्या पेडांतच २१६ तारा. मधला गाभा वेगळा. तो सिसलसारख्या धाग्याचा असतो, नाहीतर पोलादी तारांचाच. रोप ड्रमवर किंवा पुलीवर वळला की या सगळ्या तारा एकमेकींवर थोड्या थोड्या घसरतात, सरळ झाला की परत जागेवर येतात. हे घर्षण रोपच्या पोटात चालतं. म्हणून रोप बनतानाच आत तेल भरलेलं असतं. धाग्याचा गाभा ते धरून ठेवतो आणि भार आला की पिळून तारांना देत राहतो.

साखळीत असं आत-बाहेर काही नसतं. भरीव कडीत भरीव कडी. झिजते ती फक्त कडी कडीला जिथे टेकते ती आतली वळणाची जागा. कडीच्या सरळ बाजू वर्षानुवर्षं तशाच राहतात, आणि ब्रशने फासलेलं ग्रीस नेमकं त्या सरळ बाजूंनाच बसतं.

आता साफसफाई. साखळी धुतलेली चालते. होइस्टवरून उतरवून रॉकेलमध्ये बुडवावी, ब्रशने घासावी, कोरडी पुसावी आणि गंज धरायच्या आत लगेच तेल द्यावं. गंज घालवायला ॲसिड मात्र कधीही वापरू नये. भार उचलायची साखळी बहुतेक ग्रेड ८० च्या, म्हणजे त्या ताकदीच्या दर्जाच्या, मिश्र पोलादाची असते. ॲसिडमुळे तयार झालेला हायड्रोजन त्या पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होतं. वरून साखळी लखलखीत दिसते आणि भाराखाली तडकते. गॅसची टॉर्च मारून चिकटा जाळणं तितकंच वाईट, कारण या पोलादाची ताकद उष्णता-उपचारातून आलेली असते आणि ज्योतीने तीच जाते.

रोपला रॉकेल किंवा डिझेलमध्ये भिजवायचं नसतं. बाहेरचा मळ निघतो खरा, पण पातळ रॉकेल गाभ्यापर्यंत झिरपतं आणि आतलं मूळ तेल धुऊन काढतं. ते तेल पुन्हा आत भरणं आपल्या हातात राहत नाही. रोप तारेच्या ब्रशने पिळाच्या दिशेने घासावा, चिंधीने पुसावा, खाचांतली धूळ दाबाच्या हवेने उडवावी. इतकं पुरतं.

तेल देण्याची रीतही उलटी. साखळीला तेल द्यायचं ते भार नसताना, साखळी ढिली असताना. भार असला की कड्या एकमेकींत घट्ट बसतात आणि तेलाला आत जायला फट उरत नाही. हाताने दोन कड्या एकमेकींकडे ढकलाव्यात, उघड्या पडलेल्या चकचकीत जागेवर तेलाचा थेंब सोडावा, पुढच्या जोडाकडे जावं. कंटाळवाणं काम आहे, पण साखळीचं आयुष्य त्यावरच ठरतं. रोपला तेल द्यायची योग्य जागा म्हणजे जिथे तो पुलीवर वळतो ती. वळताना बाहेरच्या अंगाचे पेड किंचित उघडतात आणि पातळसर, झिरपणारं रोप-तेल आत शिरतं. तिथे घट्ट ग्रीसचा जाड थर दिला तर वरची दारं बंद होतात. आत अडकलेली ओल आतच राहते, आतल्या तारा गंजत जातात, तुटलेल्या ताराही थराखाली झाकल्या जातात. इंजिनमधलं जळकं ऑइल तर कशालाच वापरू नये. त्यात ज्वलनातून आलेली आम्लं असतात आणि धातूचा बारीक चुराही.

कोल्हापूरकडच्या फाउंड्र्यांमध्ये ही गोष्ट अजून बिकट होते. मोल्डिंगची वाळू हवेत असतेच. ती ग्रीसवर बसली की ग्रीस राहतं बाजूला, कड्यांच्या मध्ये पॉलिश पेपर घातल्यासारखं होतं. अशा ठिकाणी तेल कमी द्यावं, वारंवार द्यावं आणि दर वेळी आधी पुसून मगच द्यावं. भट्टीजवळ रोप वापरत असाल तर गाभा कशाचा आहे हे आधी विचारा. धाग्याच्या गाभ्याचा रोप १०० अंश सेल्सिअसच्या वर वापरायचा नसतो. ग्रेड ८० ची साखळी २०० अंशांपर्यंत पूर्ण भार घेते, त्यापुढे ४०० अंशांपर्यंत भार कमी करावा लागतो. साखर कारखान्यात वेगळी अडचण. गळीत हंगामात गव्हाणीवरच्या, म्हणजे ऊस टाकायच्या जागेवरच्या, रोपवर उसाची माती, रस आणि बगॅस (पिळून उरलेला चोथा) यांचा लगदा साचतो. हंगाम संपल्यावर तो तसाच वाळू दिला तर पावसाळाभर त्याखाली गंज चालू राहतो. पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबलं, की पहिल्या आठवड्यातच रोप साफ व्हायला हवेत, ऑफ-सीझनच्या यादीच्या शेवटी नव्हे.

चेन ब्लॉकबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगायची आहे, कारण जीवघेणी चूक इथेच होते. ब्लॉक ‘जड चालतो’ म्हणून वरून तेल ओततात. हाताने ओढायच्या साखळीच्या चाकामागेच ब्रेक असतो. त्यातल्या घर्षणाच्या चकत्या बऱ्याच ब्लॉकमध्ये कोरड्याच ठेवायच्या असतात. ओतलेलं तेल तिथे उतरलं की भार हवेत असताना ब्रेक घसरतो. गिअरला ग्रीस, भाराच्या साखळीच्या जोडांना तेल, ब्रेक कोरडा. हाताच्या साखळीलाही तेल नको, हात सटकतो.

तपासणीत दोघांचे स्वभाव पूर्णपणे वेगळे दिसतात. जर्मनीतल्या हार्झ डोंगरातल्या खाणींमध्ये साखळ्या तुटून माणसं मरत होती. खाण अधिकारी विल्हेल्म आल्बर्ट यांनी त्या तुटण्याचा अभ्यास केला आणि १८३४ मध्ये क्लाउस्टालला लोखंडी तारांचा पिळलेला दोर वापरात आणला. साखळीची एक कडी गेली की सगळा भार गेला. दोरातली एक तार गेली तरी बाकीच्या तो धरतात. आजची साखळी त्या काळच्या साखळीपेक्षा कितीतरी चांगली आहे, पण हा फरक तसाच आहे. रोप तुटण्याआधी तारा तोडून दाखवतो, साखळी फक्त मोजमापातून बोलते.

म्हणून रोपवर तारा मोजायच्या. आधी भार काढायचा, जाड हातमोजे घालायचे, मग सुती चिंधी रोपवरून हलकेच फिरवायची. तुटलेलं टोक असेल तिथे धागा अडकतो. नुसत्या हाताने करू नये, ते टोक तळव्यात घुसतं. क्रेनच्या रोपसाठीचं आयएसओ ४३०९ हे मानक व्यासाच्या ६ पट आणि ३० पट लांबीत तुटलेल्या तारा मोजायला सांगतं. १२ मिमी रोपसाठी ही लांबी ७२ आणि ३६० मिमी. दोन पेडांमधल्या खाचेत तुटलेली तार दिसली तर जास्त घाबरावं, कारण ती आतल्या झिजेची खूण आहे. ६ पट लांबीत अशा दोन सापडल्या की रोप रद्द. व्यास मोजताना व्हर्नियर (बारीक माप घ्यायचा चिमटा) पेडांच्या फुगवट्यावर बसवावा, सपाटीवर बसवला तर माप खोटं येतं. सर्वत्र सारखी घट धाग्याच्या गाभ्याच्या रोपला १० टक्के आणि पोलादी गाभ्याच्या रोपला ७.५ टक्के झाली की तो उतरवायचा.

साखळीवर एकेक कडी मोजून फारसं कळत नाही. ८ मिमी जाडीच्या, २४ मिमी पिचच्या (पिच म्हणजे कडीची आतली लांबी) साखळीत प्रत्येक जोडात ०.३ मिमी झीज झाली तर व्हर्नियरवर ती सहज निसटते. तेच ११ कड्या एकत्र मोजल्या तर २६४ ऐवजी २६७.३ मिमी येतात आणि लपायला जागा उरत नाही. वाढीची मर्यादा त्या होइस्टच्या पुस्तिकेत दिलेली असते, तीच पाळावी. पिच वाढलेली साखळी पुलीच्या खाचेत नीट बसत नाही, चढते आणि उडी मारते. तो ‘टक्’ आवाज आला की काम तिथेच थांबवावं. स्लिंगच्या, म्हणजे माल बांधून हुकाला अडकवायच्या, साखळीत टेकण्याच्या जागी जाडी मूळच्या ९० टक्क्यांखाली गेली की ती बाद, म्हणजे ८ मिमीची ७.२ मिमी.

१९४८ च्या फॅक्टरी ॲक्टच्या कलम २९ ने साखळी, रोप आणि लिफ्टिंगच्या सगळ्या साधनांची सक्षम व्यक्तीकडून किमान १२ महिन्यांतून एकदा पूर्ण तपासणी घालून दिली. सर्टिफिकेट त्या दिवसापुरतं खरं असतं. उरलेले दिवस खलाशी (माल बांधून उचलणारे कामगार) आणि फिटर यांच्या नजरेवर चालतात, आणि जाड ग्रीसखाली नजरेला काही दिसत नाही.

बाद झालेला रोप अखंड भंगारात देऊ नका. असा लांब रोप स्वस्तात विकला जातो आणि विहीर खोदणाऱ्या यारीवर चढू शकतो, ज्याच्या टोकाला माणसं बसून खाली उतरतात. मीटर-मीटरचे तुकडे करून द्यावा. साखळीही जागोजागी कापून द्यावी, नाहीतर कुणीतरी बोल्टने जोडून ती पुन्हा लावतं.